चारशे बारा बायका

पहिल्या पेटीचं झाकण उघडलं आणि आत वर्तमानपत्रं निघाली.

गोदाम सांभाळणाऱ्या मोतालेब मियाँने वरचा थर उचलला. खालीही वर्तमानपत्रंच. दुसरी पेटी उघडली, तिसरी उघडली. वजन बरोबर, कुलपं शाबूत, झाकणावरची चिठ्ठीही जागच्या जागी: 'जमुनेचे चर, प्रसूतीकेंद्र शुल्क पाहणी, ४१२ फॉर्म.' चर म्हणजे नदीपात्रातली वाळूची बेटं. तिथून भरून आणलेला फॉर्म मात्र एकही नव्हता.

ढाक्यातल्या त्या आरोग्य संशोधन संस्थेच्या गोदामात पाच माणसं उभी होती.

मग संचालक तालुकदारांनी काठी फरशीवर आपटली. यंदाचा अख्खा सप्टेंबर त्यांनी चेन्नईत गुडघा बदलून घेण्यात घालवला होता. तेव्हापासून राग आला की त्यांच्याआधी काठी बोलायची.

"मिनती राजबंशी, फॉर्म कुठे आहेत?"

"मी इथे आणून दिले होते, सर. पाच वर्षांपूर्वी. मोतालेबभाईंची सही आहे."

"सही पेट्यांवर आहे. पेट्यांत काय होतं ते कुणी पाहिलं?"

"म्हणजे? मी रद्दी आणून दिली?"

"जर्नलचं पत्र आलंय. तुमच्या पाहणीतले आकडे खोटे वाटतात, मूळ फॉर्म दाखवा म्हणतात. आणि फॉर्म नाहीत. मी काय समजायचं? चरावर गेलाच नाहीत तुम्ही. घरी बसून आकडे भरलेत."

मिनतीचा चेहरा काळवंडला. अकरा वर्षं ती या संस्थेची पाहणी पर्यवेक्षक होती. पावसाळ्यात कमरेइतक्या पाण्यातून फॉर्म डोक्यावर धरून आणणारी बाई.

"सर, असं नका बोलू," डॉ. लुबाबा मध्ये पडली. "मिनतीदीवर माझा विश्वास आहे. चूक झाली असेल, पण तिला घालवू नका."

लुबाबा संस्थेचा तारा होती. वय एक्केचाळीस, दोनशे चौदा शोधनिबंध, सहा हजारांवर उल्लेख. पुढच्या गुरुवारी तिला देशातला मोठा विज्ञान पुरस्कार मिळायचा होता. चरावरच्या पाहणीचा निबंध तिचाच, आणि सगळ्यात गाजलेला.

"चूक?" मिनती तिच्याकडे वळली. "माझी काय चूक झाली, डॉक्टर आपा?"

लुबाबाने नजर खाली घातली. तालुकदारांनी त्याच दुपारी मिनतीला निलंबित केलं.

पाचवी व्यक्ती बोललीच नव्हती. ती ग्रंथपाल हुस्ने आरा. गोदाम तिच्या अखत्यारीत होतं, म्हणजे चोरी तिच्या घरात झाली होती. सगळे गेल्यावर ती पेट्यांपाशी खाली बसली आणि वर्तमानपत्रं एकेक करून उलटू लागली. बातम्या ती वाचत नव्हती. ती प्रत्येक अंकाची तारीख पाहत होती.

तिन्ही पेट्यांतला सर्वांत जुना अंक यंदाच्या अठरा सप्टेंबरचा होता. सर्वांत नवा सव्वीसचा.

*

दुसऱ्या दिवशी मिनती ग्रंथालयात आली. कपाटातलं सामान न्यायला आली होती. हातात कापडी पिशवी होती आणि डोळ्यांत आग.

"बस," हुस्ने आरा म्हणाली. "चहा घे. मी काही विचारते, सरळ उत्तर दे."

"तुम्हीही चौकशी करणार, आपा?"

"करणार. सप्टेंबरात तू कुठे होतीस?"

"खुलन्याला. डेंग्यूची पाहणी. ऑगस्ट अखेरपासून ऑक्टोबरच्या दहापर्यंत. हजेरी तिथल्या वहीत आहे."

"बरं. चरावरची पाहणी कधी संपली?"

"एप्रिलात. पोइला बोइशाख, नव्या वर्षाचा सण, आम्ही चरावरच केला. एका घरी पाण्यात भिजवलेला पांता भात न् सुकी मासळी खाल्ली, त्या बाईचा फॉर्म त्याच दिवशी भरला. त्यानंतर आठवडाभर काम चाललं. शेवटचा फॉर्म एकवीस तारखेचा."

"किती झाले होते?"

"चारशे बारा. ठरवले होते तेवढेच."

"आणि बायकांनी काय सांगितलं?"

मिनतीने पेला खाली ठेवला. "काय सांगणार? प्रसूतीकेंद्रात दोनशे टाका फी लागली आणि बायका यायच्या बंद झाल्या. दहातल्या सहा घरीच बाळंत झाल्या. दोघी तर आम्ही तिथे असतानाच गेल्या, आपा. एकीला नावेत घातलं, नाव वाळूत रुतली. मी तिचे पाय धरून बसले होते."

या पाहणीवरच्या निबंधाचा निष्कर्ष हुस्ने आराला पाठ होता: फी लावल्याने केंद्रात येणाऱ्या बायकांची संख्या घटत नाही, उलट विश्वास वाढतो. त्याच आधारावर फी आता देशभर लागू व्हायची होती. फाईल सहीसाठी वर गेली होती.

"तू निबंध वाचलास का गं?"

"इंग्रजीतला? मला कोण देतंय? आमचं नाव शेवटी आभारांत असतं. तेही 'क्षेत्रीय कर्मचारी' म्हणून."

हुस्ने आराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातली निम्मी आग स्वतःवरचीच होती. दर जानेवारीला प्रत्येक संशोधकाची निबंधांची आणि उल्लेखांची यादी तीच करायची. दुसऱ्या कुणी आपल्या लेखात आधार घेतला की एक उल्लेख. जितके उल्लेख तितकी बढती, तितके परदेश दौरे. लुबाबाची यादी ती पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत छापायची. अभिमानाने.

मिनती गेल्यावर तिने निबंध काढला आणि ग्रंथपालाच्या सवयीने वरपासून खालपर्यंत वाचला. लेखक दोन: पहिली लुबाबा, दुसरे तालुकदार. पत्रव्यवहारासाठी लुबाबाचा पत्ता. पानं २११ ते २१९. तळाशी बारीक अक्षरांत: 'प्राप्त, ३ मार्च. स्वीकृत, २० मे.' पाहणीचं वर्ष तेच, छपाईचं वर्षही तेच.

ती ओळ तिने दोनदा वाचली. मग जर्नलच्या संपादकाला पत्र लिहिलं. दोनच गोष्टी मागितल्या.

*

"मोतालेब मियाँ, गोदामाची किल्ली सप्टेंबरात कुणी नेली?"

"वही बघा, आपा. मी काय लपवतोय?"

वहीत अठरा ते सव्वीस सप्टेंबर रोज संध्याकाळी किल्ली गेली होती. नावाच्या जागी एकच शिक्का: 'संचालक कार्यालय.'

"न्यायला कोण आलं होतं?"

"शिपाई यायचा. शिक्का मारलेली चिठ्ठी आणायचा. शिक्क्याला मी प्रश्न विचारू? नोकरी घालवायचीय का माझी?"

हुस्ने आरा थेट वर गेली.

"सर, सप्टेंबरात गोदामाची किल्ली तुमच्या कार्यालयाने नऊ वेळा घेतली."

तालुकदारांनी काठी उचलली. "म्हणजे चोर मी?"

"मी फक्त विचारते आहे."

"विचारायचा अधिकार कुणी दिला? तुम्ही पुस्तकांना नंबर लावा, हुस्ने आरा. गुरुवारी पुरस्कार आहे. टीव्हीवाले येणार. मिनतीचं प्रकरण मिटलंय. उगाच चिखल ढवळू नका."

"चिखलात कोण आहे ते कळायला नको?"

"बाहेर व्हा!"

ती खाली आली. ग्रंथालयात लुबाबा तिची वाट पाहत बसली होती. हातात कुमिल्ल्याच्या रोशमलाईचा डबा.

"आपा, पुरस्कारासाठी यादी एकदा नजरेखालून घाला ना. तुमची यादी म्हणजे आमची जन्मपत्रिका. इतक्या वर्षांत एकदाच चुकलात. आठवतं?"

"कधी गं?"

"चार वर्षं झाली! चरावरच्या निबंधाची पानं २११ ते २१९, आणि तुम्ही टाईप केलंत २११ ते २९१! मी लाल गोल करून परत पाठवलं, 'आपा, माझा निबंध ऐंशी पानांचा नाही हो!' किती हसलो होतो."

हुस्ने आरा हसली. कच्ची यादी फक्त ज्याची त्याला तपासायला जायची, म्हणून ती चूक त्या दोघींपलीकडे कुणाला माहीत नव्हती. पक्क्या यादीत ती दुरुस्त झाली होती.

"लुबाबा, जर्नलचं पत्र तुला कधी कळलं?"

"नोव्हेंबरात. सरांना आलं, त्यांनी मला दाखवलं. मी तर हादरलेच."

"त्याआधी काहीच नाही?"

"काहीच नाही, आपा. मिनतीदीसाठी मी वकील बघून ठेवलाय. तिला सांगा, घाबरू नको म्हणावं."

लुबाबा गेल्यावर हुस्ने आराने डबा बाजूला सारला आणि चरावरच्या निबंधाचा आधार घेणारे सगळे लेख शोधायला बसली. सहाशे चाळीस. नुसता आकडा तिने दरवर्षी छापला होता. लेख उघडून कधी पाहिले नव्हते.

पहिला लेख वीटभट्टीच्या धुरावर. दुसरा तळ्यातल्या पांगास माशांच्या खाद्यावर. तिसरा पुलाच्या काँक्रिटवर. बाळंतिणींचा यांच्याशी काय संबंध? तरी प्रत्येकात कुठेतरी एकच वाक्य, शब्दशः तेच, आणि त्याला आधार चरावरच्या निबंधाचा.

तिने शेवटच्या पानावरचे संदर्भ पाहिले. मग पुढच्या लेखाचे. त्याच्या पुढच्या.

एकशे त्रेचाळीस लेखांत पानं लिहिली होती २११ ते २९१.

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

*

बुधवारी सकाळी चौकशी समिती बसली. बाहेरून बोलावलेले दोन प्राध्यापक, मध्ये तालुकदार. लुबाबा साक्षीला होती. मिनतीला बडतर्फीच्या कागदावर सही करायला बोलावलं होतं. हुस्ने आराला कुणी बोलावलं नव्हतं. ती आली आणि उभी राहिली.

"सही करू नकोस, मिनती," ती म्हणाली. "आधी माझं ऐका. दहा मिनिटं."

"हुस्ने आरा..." तालुकदार उसळले.

"बोलू द्या त्यांना," बाहेरच्या प्राध्यापकांपैकी वयस्क बाई म्हणाल्या.

"पेट्यांत भरलेली वर्तमानपत्रं अठरा ते सव्वीस सप्टेंबरची आहेत. त्याच नऊ दिवसांत गोदामाची किल्ली रोज बाहेर गेली. म्हणजे फॉर्म तेव्हा गेले. त्या दिवसांत मिनती खुलन्यात होती, हजेरीची वही ही. तिच्यावर खापर फोडायचं असेल तर तिला पंख होते असं लिहावं लागेल."

तिने वही समितीपुढे सरकवली.

"किल्ली संचालकांच्या शिक्क्यावर गेली. मी सरांवर संशय घेतला. पण सर, त्या महिन्यात तुम्ही कुठे होतात?"

"चेन्नईत. इस्पितळात पाय वर करून पडलो होतो," तालुकदार म्हणाले, आणि बोलता बोलताच थांबले.

"मग शिक्का कुणाकडे होता?"

तालुकदारांची मान सावकाश लुबाबाकडे वळली. महिनाभर प्रभारी संचालक तीच होती.

"आपा, काय बोलताय?" लुबाबा हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली. "पत्रच नोव्हेंबरात आलं. सप्टेंबरात मी फॉर्म कशाला हलवू?"

"तेच मलाही कळत नव्हतं. पण अशी शंका आली की जर्नल आधी लेखकाला विचारतं. लेखक गप्प राहिला तर संस्थेला लिहितं. म्हणून मी संपादकाला विचारलं, पहिलं पत्र कधी गेलं, कुणाला गेलं. हे उत्तर. चौदा सप्टेंबर, डॉ. लुबाबा यांना. त्यात लिहिलंय, मूळ फॉर्म दाखवा. चार दिवसांनी किल्ली बाहेर पडली. आणि तू मला सांगितलंस, नोव्हेंबरपर्यंत काहीच माहीत नव्हतं."

"मी विसरले असेन. मिनतीच्या चुका झाकायला..."

"मिनतीच्या चुका?" हुस्ने आराचा आवाज चढला. "संपादकाकडे मी दुसरी गोष्ट मागितली होती, तुझा पहिला मसुदा. तो तीन मार्चला पोचला. त्यात चारशे बारा बायका आहेत, छापील निबंधात आहेत तेच आकडे आहेत, दशांशापर्यंत. मिनतीचा शेवटचा फॉर्म भरला गेला एकवीस एप्रिलला. सांग, लुबाबा, ज्या बायकांना अजून कुणी प्रश्नच विचारला नव्हता, त्यांची उत्तरं तुझ्याकडे कशी आली?"

हुस्ने आराने तो मसुदा प्राध्यापकांपुढे ठेवला.

"मिनती खरं घेऊन आली, तोवर तुझं खोटं छापायला गेलं होतं. म्हणून तिने आणलेल्या पेट्या तू कधी उघडल्याच नाहीस. त्यात बायकांनी उलटं सांगितलं होतं."

"आणि हे कशासाठी," बाहेरच्या बाईंनी विचारलं, "एका निबंधासाठी?"

"एका आकड्यासाठी," हुस्ने आरा म्हणाली. "चार वर्षांपूर्वी कच्च्या यादीत माझ्या हातून पानाचा नंबर चुकला. ती यादी फक्त लुबाबाला गेली. तिने चूक दाखवली, पण त्याआधी यादी पुढे धाडून झाली होती, उल्लेख विकणाऱ्या कुणा दलालाकडे. वीटभट्टीच्या लेखात, माशांच्या लेखात, एकशे त्रेचाळीस ठिकाणी माझी चूक जशीच्या तशी बसली आहे. जगात ती चूक दोनच माणसांकडे होती. मी विकली नाही."

मिनती इतका वेळ भिंतीला टेकून होती. ती पुढे आली.

"फॉर्म कुठे आहेत?" तिने विचारलं. तालुकदारांचाच प्रश्न, पण आता उलट्या दिशेने.

लुबाबाचा चेहरा पालटला. त्यात पश्चात्ताप नव्हता, चीड होती.

"रद्दीत दिले. थोडे थोडे गाडीतून नेऊन. आणि माझ्याकडे असं बघू नका! मी एकटी आहे का? दर जानेवारीला आकडे कोण मागतं? सर, तुम्ही म्हणाला होतात ना, वर्षाला वीस निबंध नसतील तर खुर्ची खाली कर? वीस निबंध खरी पाहणी करून होतात का हो? त्या निबंधावर तुमचंही नाव आहे. तेव्हा एकदा तरी विचारलंत?"

तालुकदारांची काठी हातातच राहिली.

"माझ्या बायकांच्या कागदांच्या पुड्यांत कुणीतरी झालमुडीचे तिखट चुरमुरे खाल्ले," मिनती म्हणाली. तिचा आवाज फुटला नाही. तो दगडासारखा होता. "ज्या दोघी गेल्या, त्यांच्या सासवांचे अंगठे होते त्यावर. आणि तुम्ही माझ्यासाठी वकील बघत होता?"

लुबाबाने तोंड फिरवलं.

तालुकदार पुढे वाकले. आवाज एकदम मऊ झाला होता. "हे बघा, उद्या पुरस्कार आहे. संस्थेची अब्रू आहे. हे सगळं चार भिंतींत ठेवू. लुबाबा राजीनामा देईल, मिनती परत येईल, निबंधात एक दुरुस्ती छापू."

"आणि फीची फाईल?" हुस्ने आराने विचारलं.

"ती वेगळी गोष्ट आहे."

"तीच गोष्ट आहे, सर. आज सकाळी नऊ वाजता मी सगळे कागद संपादकाला, पुरस्कार समितीला आणि ती फाईल ज्यांच्या टेबलावर आहे त्यांना पाठवलेत. मला काढायचं असेल तर खुशाल काढा. माझी पंधरा महिन्यांची नोकरी उरलीय."

त्यांनी तिला काढलं नाही. तेवढी हिंमत आता कुणातच नव्हती.

*

निबंध मागे घेतला गेला. पुरस्कार थांबला, लुबाबाची नोकरी गेली, तालुकदार मुदतीआधी निवृत्त झाले. मिनतीला परत घेतलं. तरी जानेवारीत हुस्ने आराने पाहिलं, तेव्हा त्या मेलेल्या निबंधाचा आणखी सात जणांनी आधार घेतला होता. आणि फीची फाईल रद्द झाली नव्हती. 'खात्रीलायक पुरावा मिळेपर्यंत स्थगित', असा शेरा होता.

"पुरावा होता," मिनती म्हणाली. "विकला."

"घरं आठवतात तुला?"

"माझ्या वहीत घरांची यादी आहे. जी नदीने नेली नसतील ती सापडतील."

फेब्रुवारीत दोघी चरावर गेल्या. हुस्ने आराने आयुष्यभर छापील कागद सांभाळला होता. वाळूतून चालताना तिला धाप लागत होती. यादीतल्या पहिल्या घरापुढे एक म्हातारी मिरच्या वाळत घालत होती. आछिया बेवा तिचं नाव.

"खाला, तुमची सून जोहुरा आहे?" मिनतीने विचारलं.

"तिला जाऊन तीन वर्षं झाली. दुसऱ्या बाळंतपणात. इथेच, घरात." म्हातारीने वर पाहिलं, आणि मिनतीला ओळखलं. "तू ती फॉर्मवाली ना? त्या दिवशी जोहुरा याच ओट्यावर बसून तुला म्हणाली होती, दोनशे टाका नाहीत, मी नाही जाऊ शकत. तू लिहून घेतलंस. माझा अंगठाही घेतलास. मग काय केलंत तुम्ही त्याचं?"

मिनतीने वही छातीशी धरली.

"आमच्याच माणसाने ते कागद विकले, खाला," हुस्ने आरा म्हणाली. "पुन्हा लिहायला आलोय."

"पुन्हा?" म्हातारी उठून उभी राहिली. "म्हणजे मी पुन्हा सांगायचं, तुम्ही पुन्हा न्यायचं?"

"हो."

रागाने म्हातारीचा जबडा हलत होता. मग तिने मिरच्यांचं सूप बाजूला सारलं आणि ओट्यावर बसकण मारली.

"लिही," ती म्हणाली. "आणि लिहिलेलं मला वाचून दाखव. सगळं वाचून दाखवल्याशिवाय इथून हलायचं नाही."